वेकाचा युफोनियम

रीफटन, ११ फेब्रुवारी

डेन्झिल,

तुझं कुशल विचारत नाही. विचारलं तरी तू सांगणार नाहीस, आणि मग मला नव्याने राग येईल. फोन तू उचलत नाहीस, ईमेल परत येते. समुद्रापलीकडच्या कॅलगुर्लीच्या खाणीचा पत्ता बेरिल मावशीकडून काढला, म्हणून हा कागद. फाडायचाच असेल तर आधी वाच आणि मग फाड.

तू बँडमास्तर असताना भर तालमीत बाबांना जे बोललास आणि बाबा तुला जे बोलले, त्यातलं मी काहीही उकरणार नाही. नऊ वर्षं झाली त्याला. मला फक्त एक बातमी द्यायची आहे.

मंडळ सप्टेंबरची टिमारूची पितळी बँडांची स्पर्धा बंद करायला निघालंय. सभागृहाचं भाडं झेपत नाही. गेल्या वर्षी ऐकणाऱ्यांपेक्षा वाजवणारेच जास्त होते, आणि ऐकणाऱ्यांतलेही अर्धे वाजवणाऱ्यांच्या बायका. आता म्हणे एकच उपाय उरलाय, इंटरनेटवर थेट प्रक्षेपण. लोकांनी घरी बसून तिकीट काढलं आणि त्यातून भाडं सुटलं तर स्पर्धा पुढे चालणार, नाही तर यंदाची शेवटची. हे लोढणं कोणाच्या गळ्यात पडलं असेल ते तू ओळखलं असशीलच. वाचनालयात लोकांना प्रिंटर लावून देते म्हणून मी मंडळाची तंत्रज्ञ ठरले. मर्विन क्लॉघर अजून सचिव आहे आणि अजून तसाच आहे. म्हणाला, "रो, तुला जमेल. आणि नाही जमलं तर खापर फोडायला डोकं लागतंच की कोणाचं तरी."

गेल्या वर्षीचं प्रक्षेपण तू पाहिलं नसशील, सुटलास. एकच कॅमेरा, तोही शेवटच्या खुर्चीवर ठेवलेला. दोन तास लोकांना समोरच्या बाईची टोपी दिसली. चित्र मधेच गोठायचं, आवाज डब्यात बसून वाजवल्यासारखा. तिकीट काढलेल्या लोकांनी पैसे परत मागितले, आणि इन्व्हरकार्गिलला तर एका तिकिटावर अख्खा बँड क्लब जमून बघत होता. पैसे परत मागायला मात्र सगळे वेगवेगळे आले.

मी हो म्हटलं ते बाबांसाठी. एक्याऐंशी पुरी झाली त्यांची. त्यांना टिमारूच्या मंचावर एकदा, शेवटचं, त्यांच्या त्या पितळी धुडावर, युफोनियमवर, सोलो वाजवायचा आहे. "शेवटचं" ते दर वर्षी म्हणतात, पण या वर्षी म्हणाले तेव्हा पायऱ्यांचा कठडा धरून उभे होते. स्पर्धा गेली की आपला बँडही जाईल, आणि बँड गेला तर हा माणूस सकाळी उठेल कशासाठी, ते मला सांगता येत नाही. म्हणून मी कॅमेऱ्यांबद्दल वाचते आहे.

उत्तर नाही दिलंस तरी मी लिहीन. माझा हट्ट तुला ठाऊक आहे.

रोवेना

*

रीफटन, २७ एप्रिल

डेन्झिल,

परवा अँझॅक दिनाला पहाटे बँडने सैनिकांच्या स्मारकापर्यंत कूच केलं. धुकं इतकं होतं की पुढचा ढोल फक्त ऐकू येत होता. बाबा गाडीतून गेले आणि शेवटची वीस पावलं चालले. कोणी बघितलं नाही असं त्यांना वाटतं.

दुपारी नगरभवनात कार्यक्रम होता, त्यावर मी नव्या सामानाची चाचणी घेतली. मंडळाने तीन कॅमेरे घेऊन दिलेत. एक मंचावर, एक टामाटीच्या चेहऱ्यावर (टामाटी म्हणजे आता तुझ्या जागी असलेला शाळामास्तर, भला माणूस, पण कोणाला दुखवायची त्याला भीती वाटते), आणि एक बोटांच्या जवळून. मी खोक्यासमोर बसून बटणं दाबत होते, सोलो आला की वाजवणाऱ्याचा चेहरा, झांज आली की झांज. एकदाही गोठलं नाही. मला वाटलं, जिंकलो.

दुसऱ्या दिवशी तक्रारी आल्या. "फार हलतं." "तो कॉर्नेटवाला नाक का खाजवत होता?" एकाने तर आपल्या दुसऱ्या ट्रॉम्बोनच्या शर्टावरच्या डागाबद्दल अर्धं पान लिहिलं. वाजवण्याबद्दल मात्र कोणाचं एक अक्षर नाही. ईस्टरच्या जाहिरातीनंतर सप्टेंबरची किती तिकिटं गेली हे तुला सांगायची मला लाज वाटते.

मग इन्व्हरकार्गिलहून एडना पॉसनेटचा फोन आला. आठवते का, चाळीस वर्षं हॉर्न वाजवायची, आवाज पोलिसासारखा. म्हणाली, "पोरी, चित्र सुरेख होतं. म्हणून मी टीव्ही भिंतीकडे तोंड करून ठेवला."

मी म्हटलं, "म्हणजे?"

"म्हणजे काय? ऐकूच येईना! चेहरे दिसायला लागले की मनात दया येते. पोरगं गोड दिसतं, म्हातारा केविलवाणा दिसतो. मग सूर गेला कुठे ते कोण बघणार? परीक्षकाला कोण वाजवतंय ते दिसणार नाही असं आपण तंबूत का कोंडतो गं? तो चावतो म्हणून?"

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ हसत बसले. मग हसू थांबलं आणि मी कागद-पेन्सिल घेतली.

रो

*

रीफटन, १८ जून

डेन्झिल,

हे तुला आवडेल. तू आता काही कबूल करणार नाहीस, तरी आवडेल.

मी काळा पडदा विकायला काढलाय.

त्याचं नाव ठेवलंय तंबूचं तिकीट. थेट चित्राचं साधं तिकीट आहेच, ते आहे नातेवाइकांसाठी. तंबूच्या तिकिटावर काही म्हणजे काही दिसत नाही. आधी परीक्षकाची शिट्टी, मग वाजवणं, मग शांतता. सगळ्यांना एकच ठरलेली धून असते, तेव्हा धुनेवरून कोणी ओळखायचा नाही. वाजवण्याच्या क्रमाची चिठ्ठी सगळ्यांना ठाऊक होते, म्हणून मी दोन तास थांबून क्रम उलटापालटा करते आणि बँडांची नावं काढून पक्ष्यांची लावते. टुई, केआ, पुकेको, वेका असे. ऐकणाऱ्याने शंभरपैकी गुण द्यायचे आणि शेरा लिहायचा, अगदी परीक्षकासारखा. सगळ्यांचे गुण भरून झाले की नावं उघडतात आणि शेजारी खऱ्या परीक्षकाचे गुण दिसतात. मी बरोबर होतो की तो, हे भांडण पुढे सहा महिने पुरतं. बँडवाल्याला आणखी काय लागतं सांग बघू!

मर्विनला सांगितलं तर तो चहा सांडेपर्यंत हसला. "चित्राच्या तिप्पट किमतीला काहीच न दाखवणार? रो, तू चर्च का नाही काढत?"

पण एका स्पर्धेच्या रेडिओवरच्या जुन्या ध्वनिमुद्रणावर चाचणी घेतली आणि दोन दिवसांत तंबूची तिकिटं इतकी गेली की साधी त्यांच्यापुढे काहीच नाहीत. यॉर्कशायरहून गेली, टास्मानियातून गेली. एकाच तिकिटावर अख्खा क्लब ऐकत बसायचा, तेही थांबलं, कारण प्रत्येकाला स्वतःचे गुण द्यायचे असतात. कॅमेऱ्यांतले दोन मी परत केले आणि त्या पैशांत चांगले माइक घेतले. आवाज आपोआप सपाट करणारी जी सोय असते ती बंद केली. आता हळू वाजवलेलं हळू ऐकू येतं आणि जोरात वाजवलेलं छातीवर येतं.

बाबांना दाखवायला गेले तर म्हणाले, "मला नको. मी वाजवणाऱ्यांतला आहे." ते स्वतःचं ध्वनिमुद्रण कधीच ऐकत नाहीत, तुला माहीत आहे. रेडिओवर लागलं की आई आवाज वाढवायची आणि हे बागेत जाऊन उभे राहायचे. अजूनही तसंच.

त्यांच्यासाठी एवढा आटापिटा केला, आणि तो साधतोय असं पहिल्यांदाच वाटतंय. कोणाला तरी सांगावंसं वाटलं. दुसरं कोण आहे मला?

रो

*

रीफटन, ३ ऑगस्ट

डेन्झ,

तुझं कार्ड आलं. पोस्टातल्या बाईने ते मला देण्याआधी वाचलं होतं, पण वाचण्यासारखं त्यात होतं काय? पुढे खाणीचा खड्डा, मागे चारच शब्द. "सोलो कोण वाजवतंय यंदा?" नाव नाही, कशी आहेस नाही. मी ते फ्रिजवर लावलं आणि बाबा यायच्या आत काढलं.

माइकबद्दल सांगते. चार टांगायचे ठरलेत, दोन पुढे आणि दोन बाजूंना. सभागृहाचा रखवालदार शिडी देत नव्हता. त्याला आल्याच्या वड्यांचा डबा नेऊन दिला, मग दिली. एक माइक तंबूजवळ, शिट्टीपुरता. हवामान थंडच आहे. सकाळी कोळशाचा धूर रस्त्यावर बसलेला असतो. बेरिल मावशीचा गुडघा बदलला.

हे सगळं मी का लिहितेय ते तुला कळलं असेल. बरं, सांगते. बाबा वाजवतायत.

दुसरं कोणी नाही, डेन्झ. त्यांच्या शेजारी युफोनियम वाजवणारी मुलगी नर्सिंगला क्राइस्टचर्चला गेली. आणि यंदाच्या धुनेत मधोमध लांबलचक युफोनियम आहे, एकटा, बाकी सगळे गप्प. मी टामाटीला गाठून विचारलं, "तुला ऐकू येतं ना?" तो बूट बघत म्हणाला, "येतं. पण तुमच्या भावासारखी छाती माझ्यात नाही. तो बोलला आणि गावातून गेला. मला इथे राहायचंय, घर घेतलंय मी."

तुझे शब्द मला पाठ आहेत. "बाबा, तुमचा ओठ संपलाय, त्यावर आता सूर ठरत नाही. तुम्ही खाली ठेवा, मी मागतो म्हणून ठेवा." सगळा बँड ऐकत होता. तू ते एकांतात सांगितलं असतंस तरी त्यांनी ऐकलं नसतं, हे मला आता पटतं. तेव्हा मी ट्रायँगल हातात धरून उभी राहिले आणि तुझ्या मागे बाहेर आले नाही. असो, त्यावर लिहायचं नाही असं मीच म्हटलं होतं.

शेडमध्ये ते रोज वाजवतात. सुराच्या आधी वारा येतो. वरचा सूर कधी लागतो, कधी फाटतो. काही दिवस चांगले जातात. गेल्या मंगळवारी खरंच चांगलं वाजलं, मी भांडी तशीच टाकून दारात उभी राहिले. मंगळवारसारखं वाजलं तर बास.

येशील का? बोलायला नको, मागच्या रांगेत बस. तिकीट मी काढते.

रो

*

रीफटन, २१ सप्टेंबर

डेन्झ,

आला नाहीस. दारावरच्या माणसाला तुझा जुना फोटो देऊन ठेवला होता. आता वेडगळ वाटतं.

स्पर्धा उत्तम झाली. प्रक्षेपण एकदाही तुटलं नाही. तंबूच्या तिकिटांतून भाडं निघून वर उरलं. मर्विनने मला सगळ्यांसमोर मिठी मारली, त्याच्या अंगाला भाजलेल्या मटण-पाईचा वास येत होता. बाबांचं चांगलं झालं.

खोटं लिहिलं. पान फाडून पुन्हा लिहिणार होते, पण राहू दे. पहिल्यांदा हात काय लिहितो तेही तुला कळू दे.

मंगळवारसारखं झालं नाही. बाबा उभे राहिले, टामाटीने हात खाली घेतला, सगळे थांबले आणि नुसता वारा आला. मग सूर आला तो थरथरत. वरच्या सुराला गेले आणि तो फाटला, त्यांनी परत घेतला, परत फाटला. तरी शेवटपर्यंत वाजवलं, एकही ओळ सोडली नाही. आणि डेन्झ, सभागृह उभं राहिलं. पांढरे केस, खांद्यावर सैल झालेला कोट, मांडीशी धरलेलं ते पितळी धूड, हे सगळं लोकांना दिसत होतं. बायका डोळे पुसत होत्या. बाबा खाली आले तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते. म्हणाले, "पोरी, पाहिलंस?" मी म्हटलं, "पाहिलं."

दोन तासांनी काळ्या पडद्यावर आपला बँड वेका होऊन गेला.

त्या लोकांना ना केस दिसत होते, ना कोट. शेरे माझ्या कॉम्प्युटरवर एकामागून एक उतरत होते आणि मी एकटी बसून वाचत होते. "वेकाच्या युफोनियमला कोणीतरी पाणी द्या." "माझं कुत्रं उठून दुसऱ्या खोलीत गेलं." "हा विनोद आहे का?" कोणी तेवढाच तुकडा कापून मित्राला पाठवला, त्याने पुढच्याला. एडनाने लिहिलं होतं: "या माणसाने एके काळी फार सुंदर वाजवलं असणार, श्वास कुठे घ्यायचा ते त्याला अजून ठाऊक आहे. आता त्याच्या घरच्यांनी त्याला सांगावं. परक्यांनी हसावं ही वेळ त्याच्यावर का आणली?"

मग नावं उघडली. ती मीच उघडायची सोय केली होती, सगळ्यांच्या पडद्यांवर एकदम.

खऱ्या परीक्षकानेही आपल्याला शेवटचं ठेवलं. बाबा परतीच्या बसमध्ये म्हणाले, "तंबूत बहिरा बसवला होता," आणि सगळे मोठ्याने हसले, जरा जास्तच मोठ्याने. बाबांखेरीज बसमधल्या प्रत्येकाच्या फोनवर तो तुकडा पोचला होता.

त्यांच्यासाठी जे उभं केलं, त्यानेच त्यांचं हसं केलं. मला काय करावं ते कळत नाही.

रो

*

रीफटन, १० ऑक्टोबर

डेन्झ,

मर्विन आला होता. पुढच्या वर्षीचं सभागृह ठरलं. त्याच्या पुढच्या वर्षीचंही. तंबूचं ध्वनिमुद्रण अजून विकलं जातंय आणि लोक काय मागतात तर वेका. ऐकतात, गुण देतात, मित्राला तिकीट काढायला लावतात. मर्विन टोपी फिरवत म्हणाला, "रो, वाईट वाटून घेऊ नकोस, पण लोक विचारतायत वेका पुढच्या वर्षी आहे ना."

मी म्हटलं, "ते माझे वडील आहेत."

"माहीत आहे गं. माझाही मित्र आहे तो. म्हणून तर म्हणतो, क्लेमला कशाला काही सांगायचं? त्याला वाजवायचंय, लोकांना ऐकायचंय. सगळे खूश." आणि मग हळूच, "त्याच्याशिवाय पुढच्या वर्षी भाडं निघेल का, मला शंका आहे."

मी त्याला घराबाहेर काढलं. पण गेटपर्यंत सोडायला गेले, कारण त्याचं खोटं नव्हतं. ध्वनिमुद्रण मी माझ्या अधिकारात काढून टाकलं, दुसऱ्या दिवशी मंडळाने ते पुन्हा लावलं. मालकी त्यांची आहे, कागदावर माझीच सही आहे.

बाबा मजेत आहेत. वाद्याला नवीन मुखनळी मागवली आहे. परवा क्लबमध्ये शिरले तर सगळे गप्प झाले. घरी येऊन म्हणाले, "हे वेका काय प्रकरण आहे? पब्लिक नुसतं वेका वेका करतंय." मी म्हटलं, पक्षी आहे. म्हणाले, "ते मला शिकवू नकोस."

रो

*

रीफटन, १९ ऑक्टोबर

डेन्झ,

त्यांनी ऐकलं.

रविवारी दुपारी व्हाइटबेट मासळीची भजी खाऊन झाली आणि त्यांनी हात पुसून फर्मान सोडलं, "आण तुझा तो तंबू. सगळ्या गावाने गुण दिले, मी साठ वर्षं वाजवतोय आणि मलाच बंदी?" मी म्हटलं कॉम्प्युटर बिघडलाय. म्हणाले, "सकाळी तर त्यावर हवामान बघत होतीस." मग म्हणाले, "आणि आधी तो वेका लाव. बघू तरी किती वाईट आहे."

मला दुसरा कुठलाही बँड लावता आला असता. माझ्या बोटाखाली होता. नाही लावला. वाटलं, ऐकू देत. पहिल्या चार सुरांत ओळखतील, आणि मला कधी सांगावं लागणार नाही. इतकी भित्री आहे मी.

त्यांनी आईच्या खुर्चीत बसून डोळे मिटले, मांडीवर कागद, हातात पेन्सिल. शिट्टी झाली. सुरुवातीला मान डोलवत होते. "कॉर्नेट बरे आहेत." "ढोल मागे पडतोय." मग सगळे थांबले आणि युफोनियम आला.

त्यांची पेन्सिल थांबली. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते, डेन्झ, आता कळेल, आता कळेल. त्यांनी डोळे उघडले नाहीत. वरचा सूर फाटला तेव्हा त्यांनी स्वतःचाच ओठ दाताखाली धरला. दुसऱ्यांदा फाटला तेव्हा म्हणाले, "अरेरे. नको रे बाबा, नको. ठेव खाली."

संपलं तेव्हा त्यांनी डोळे उघडले. डोळ्यांत पाणी होतं. म्हणाले, "हा कोणी आडदांड पोरगा नाहीये, गावाला काय हसायला झालं? म्हातारा माणूस आहे हा. चांगला वाजवणारा होता. याचा ओठ गेलाय आणि याला कोणी सांगितलेलं नाही. मुलंबाळं नाहीत का याला?"

मी म्हटलं, "असतील."

"मग मेली का सगळी?"

त्यांनी कागदावर गुण लिहिले, शंभरपैकी एकसष्ट. परीक्षकापेक्षा दोन कमी. "नाव काय त्या बँडचं?" नावं उघडायच्या आत मी कॉम्प्युटरचं झाकण खाली केलं. म्हटलं, उत्तरेकडचा कुठलासा बँड आहे. तेव्हा बोलायचं होतं. तोंड उघडलंही होतं. त्यांनी त्याच क्षणी माझा हात थोपटला आणि म्हणाले, "बरं झालं मी अजून वाजवू शकतो. असं कोणाचं होऊ नये." त्यानंतर मला कसं बोलता येणार होतं, तूच सांग.

दोन दिवस बसून त्यांनी त्या म्हाताऱ्याला पत्र लिहिलं. तीनदा खोडून स्वच्छ काढलं. पाकीट माझ्याकडे दिलंय. नाव-पत्ता तू शोधून घाल, तुझ्या तिकिटवाल्यांकडे असेलच, म्हणाले. रोज विचारतात, टाकलंस का.

आज टाकते. मला एकच पत्ता ठाऊक आहे, म्हणून ते यासोबत तुझ्याकडे पाठवते. तू काही कर असं म्हणत नाही. करण्यासारखं काही उरलंय असं मला वाटत नाही. जे करायचं ते तू नऊ वर्षांपूर्वी केलंस, आणि आम्ही सगळ्यांनी तुला त्यासाठी हाकललं. ते शेडमध्ये वाजवतायत, इथपर्यंत ऐकू येतंय. नवी मुखनळी आली आहे.

रो

*

रीफटन, १७ ऑक्टोबर

वेका बँडचे सोलो युफोनियम यांस,

आपली ओळख नाही. मीही आपलंच वाद्य वाजवतो, म्हणून धीर करून लिहितो. रागावू नये.

टिमारूला आपण वाजवलेलं मी काळ्या पडद्यावर ऐकलं. आपण कोण ते मला माहीत नाही, पण आपण कसे वाजवत होतात ते मला ऐकू आलं. श्वास आपण योग्य जागी घेता, हल्लीच्या पोरांना ते येत नाही. पण साहेब, ओठ गेला आहे. हे आपल्याला कोणीतरी आपल्या माणसाने सांगायला हवं होतं. लोक हसत आहेत, हेही मी आपल्याला सांगतो, कारण दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा वाद्य हातात धरणाऱ्याकडून कळलेलं बरं. आपण ते आता खाली ठेवावं. घरी वाजवावं, शेडमध्ये वाजवावं. मंचावर नको.

मला कळतं हे किती लागतं. माझ्या मुलाने मला भर तालमीत हेच सांगितलं होतं. मी त्याला नको ते बोललो आणि तो गेला. माझ्या बाबतीत तो चुकला होता. पण कान त्याचा चांगला होता. आपल्याला असा मुलगा असता तर ही वेळ आली नसती. असला, आणि काही बोलला असेल, तर त्याला घालवू नका.

जमल्यास दोन ओळी पाठवाव्यात. पुढच्या सप्टेंबरात टिमारूला मी वाजवणार आहे. अवश्य ऐकायला यावं.

आपला,
क्लेम ट्रेगिड्गा
सोलो युफोनियम